खिडकीचे पैसे

गावाचं नाव सांगत नाही. 1997 साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांपैकी जी तेवीस पुढे राहिली, त्यांतलं कुठलंही धरा. पश्चिमेकडचं धरलंत तर गोष्ट अधिक जुळेल. मागे टेकडी, पुढे मोठा रस्ता आणि मधे कोरडवाहू जमीन. तिथे दोन भाऊ राहत. थोरला महापालिकेच्या जकात नाक्यावर कारकून, धाकटा शेळ्या आणि दोन म्हशी सांभाळून शेती बघणारा. वडील गेले तेव्हा मागे चार एकर राहिली. दोन एकर सपाट, रस्त्याला लागून. दोन एकर वर उतारावर, मुरमाची, जिथे पावसाळ्यात गवत कमरेएवढं होई आणि मार्गशीर्षापर्यंत सगळं पिवळं पडे. या दोन तुकड्यांच्या मधे चुलत्याच्या मुलांची एक चिंचोळी पट्टी होती. तिच्यात एक गोठा होता, आणि गोठ्यापलीकडे तिची कुणी दखल घेत नसे.

त्या दिवसांत गावभर एकच विषय होता, डीपी. विकास आराखडा असं म्हणायला कुणाला वेळ नव्हता. नकाशावर पिवळा रंग म्हणजे रहिवासी, म्हणजे बांधा आणि विका. हिरवा म्हणजे हात चोळत बसा. आणि टेकड्यांवर तर नवीनच काहीतरी पडणार होतं: जैवविविधता उद्यान, बीडीपी. तेवीस गावांच्या मिळून सुमारे 978 हेक्टर टेकड्या, बांधकाम बंद. शहरातल्या लोकांनी त्यासाठी मोहीम उघडली होती, वंदना चव्हाणांसारखी माजी महापौर मंडळी तिच्यात पुढे होती, सह्या गोळा होत होत्या. गावात मात्र ज्यांची जमीन टेकडीवर, त्यांचं जेवण गोड लागत नव्हतं. शहर म्हणत होतं, टेकडी गेली तर पाणी मुरणार कुठं आणि श्वास घ्यायचा कुठं. गावकरी विचारत होते, श्वास सगळ्यांनी घ्यायचा आणि दाम एकट्याने मोजायचा, हा कुठला न्याय? माझं विचाराल तर दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच ते भांडण दहा-बारा वर्षं मिटलं नाही.

थोरल्याने मसुद्याचा नकाशा आधी पाहिला. कसा, ते विचारू नये. कारकुनाला कारकून ओळखतो. खालचे दोन एकर पिवळ्यात, वरचे हिरव्यात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन पंधरा दिवस काही बोलला नाही. मग एका रविवारी म्हणाला,

"धाकल्या, आता वाटण्या करून टाकू. तुला जनावरं आहेत, तुला चराई लागते. वरची दोन एकर तू घे. विहिरीचा अर्धा हिस्सा घे. आंब्याची दोन्ही झाडंही तुझी. मी आपला खाली रस्त्याकडेला पडून राहतो."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाने आंबे सोडले म्हणून.

वाटणीपत्र झालं. तालुक्याच्या गावी चहा झाला. एक आत्या होती, तिला बोलावून खालच्या गटाच्या हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला आणि साडी-चोळी दिली. आपल्याकडे बहिणीचा वाटा साडीत गुंडाळूनच परत घेतात. त्यात थोरल्याने काही वेगळं केलं असं नाही. मात्र वरच्या गटाच्या उताऱ्यावर, इतर हक्काच्या रकान्यात, आत्याचं नाव तसंच राहिलं. मुरमाडासाठी आणखी एक साडी कोण घेणार?

पुढचं आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे. थोरल्याने बिल्डर गाठला, विकसन करारनामा केला. हुशार माणूस, त्याने रोख फार घेतली नाही, फ्लॅट घेतले. आणि फ्लॅटही निवडून घेतले. टेकडीच्या बाजूचे, पाचव्या मजल्यापासून आठव्यापर्यंतचे आठ.

इमारत उभी राहत होती तेव्हा मी एकदा तिथला सँपल फ्लॅट पाहायला गेलो होतो. घ्यायची ऐपत नव्हती, पण पाहायला पैसे पडत नाहीत. विक्रीवरचा पोरगा तयार होता. स्वयंपाकघर, मास्टर बेडरूम, संडासातल्या फरशा हे त्याने दोन मिनिटांत उरकलं. मग हॉलमध्ये आणून उभं केलं, पडदा ओढला, काच सरकवली आणि गप्प बसला. श्रावण होता. समोर टेकडी हिरवीगार, उतारावर धाकट्याच्या शेळ्या, आंब्याची दोन झाडं, वर ढगाची चिंधी. पोरगा अगदी मोजून तेवढा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सर, रस्त्याकडच्या फ्लॅटपेक्षा इकडे चौरस फुटाला साडेचारशे जास्त आहेत. पण हे समोरचं कायम राहणार. बीडीपी आहे ना."

मी बाहेर आलो तेव्हा फाटकाशी धाकटा दुधाच्या किटल्या घेऊन उभा होता. त्या साडेचारशेतला एकही रुपया त्याच्याकडे येणार नव्हता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

2015 साली सरकारने बीडीपीवर शिक्कामोर्तब केलं. मोबदला ठरला आठ टक्के टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. बोली भाषेत सांगायचं तर: तुमची जागा पालिकेला द्या, तिच्या आठ टक्के बांधकामाचा हक्क तुम्हाला कागदावर मिळेल, तो ज्याला दुसरीकडे मजले चढवायचेत त्याला विका. थोरल्याच्या बिल्डरने त्याच आठवड्यात फाटकावर नवा फलक लावला, 'समोर कायमची हिरवाई'. धाकट्याने चुलीपुढे बसून हिशेब केला. दोन एकर म्हणजे 80 गुंठे. त्याचे आठ टक्के म्हणजे सहा गुंठे आणि वर थोडं. चौरस फुटांत सहा हजार नऊशे सत्तरच्या आसपास. आणि तेही जागा मोकळी, मोजणी झालेली, उतारा स्वच्छ असेल तर. उताऱ्यावर आत्या होती. भूमिअभिलेखात मोजणीचे पैसे भरून नंबर लावायचा होता. आजूबाजूच्या बहुतेक जमीनमालकांनी आठ टक्क्यांकडे पाठ फिरवली, यानेही फिरवली.

अशा वेळी एजंट येतो. तो वासावर येतो. पांढरे बूट, मागच्या खिशात गुंडाळलेला नकाशा.

"गुंठ्यागुंठ्यानं काढू," तो म्हणाला.

"झोन हिरवा आहे."

"बदलतोय. वर बोलणं झालंय."

"कुणाशी?"

"वर."

वर म्हणजे कुठे, हे गुंठेवारीत कुणी विचारत नाही. त्याने फक्कीने रस्ते आखले, जेसीबीने उतार कापून सपाट पायऱ्या केल्या. तुकडेबंदीमुळे सरळ खरेदीखत होत नव्हतं, म्हणून नोटरीचे कागद, साठेखत, कुलमुखत्यारपत्र. घेणारे आले: शाळेची व्हॅन चालवणारा, खासगी दवाखान्यातली परिचारिका, निवृत्त एसटी कंडक्टर. कंडक्टरने फंडाचे पैसे आणले होते. आयुष्यभर सुट्ट्या पैशांचा हिशेब ठेवलेला माणूस, त्याने विचारलंच, "एनए आहे का?"

"होईल."

"झोन दाखला?"

"तोही निघेल."

"पाणी-वीज?"

"येईल की."

तिन्ही उत्तरं भविष्यकाळात होती आणि पैसे मात्र आज द्यायचे होते. तरीही त्याने दिले. रस्त्याकडच्या पिवळ्या जागेचा भाव त्याच्या फंडाच्या चौपट होता. स्वस्तात मिळतंय ते का मिळतंय, हे विचारायची चैन त्याला परवडत नव्हती. आरक्षणाची जागा स्वस्त असते ती आरक्षणामुळेच. एजंट तिला स्वस्त घेतो आरक्षणाच्या भावाने आणि विकतो आरक्षण उठल्याच्या भावाने, आणि मधला फरक घेऊन फोन बंद करतो. धाकट्याच्या वाट्याला आलं त्यात मुलीचं लग्न झालं, सोसायटीचं कर्ज फिटलं. त्याला वाटलं, सुटलो.

थोरल्याने आपल्या गॅलरीतून फक्कीच्या रेघा पाहिल्या. त्याचे आठातले तीन फ्लॅट विकले गेले होते, पाच त्याने भाव चढायची वाट बघत धरून ठेवले होते. त्याच दुपारी एक गिऱ्हाईक आलं होतं. काच सरकवली, समोर जेसीबी. "हे काय चाललंय?" एवढं विचारून गिऱ्हाईक जे गेलं ते गेलंच.

संध्याकाळी थोरला भावाच्या दारात.

"अरे, बापाची टेकडी विकतोस? आपण लहानपणी करवंदं काढली तिथं."

धाकटा म्हैस धूत होता. त्याने बादली खाली ठेवली.

"दादा, वाटणीच्या दिवशी नव्हती रे ती बापाची टेकडी. तेव्हा चराई होती."

"कायद्याविरुद्ध आहे हे."

"असेल. पण मला एक सांग. तुझ्या त्या खिडकीचे तू जास्त पैसे घेतोस, ते खिडकीतून काय दिसतं म्हणून घेतोस ना? जे दिसतं ते कुणाचं?"

थोरला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज टाकला. सुंदर अर्ज होता. पक्षी, भूजल, पुढच्या पिढ्या. 2013 च्या जूनमध्ये कात्रजपलीकडे शिंदेवाडीला डोंगर फोडल्यामुळे आलेल्या लोंढ्यात आई आणि लेक वाहून गेल्या, तेही त्याने लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. उतार कापला की पाणी वाट सोडतं. त्याच्या पार्किंगमध्येही पहिल्या पावसात घोट्याएवढा लाल गाळ आलाच होता. अर्जातला शब्द न् शब्द बरोबर होता. एवढंच की साडेचारशे रुपये त्यात कुठे नव्हते.

पालिकेचा जेसीबी आला. व्हॅनवाल्याची जोती गेली, परिचारिकेचं कुंपण गेलं, कंडक्टरने घाईने उभी केलेली पत्र्याची खोली गेली. खोलीत एक कॉट, एक गॅसची शेगडी आणि भिंतीला टांगलेली तिकिटाची जुनी पेटी होती; पेटी त्याने आधी बाहेर काढली. एजंटचा नंबर अस्तित्वात नव्हता. सगळे धाकट्याच्या अंगणात येऊन बसले. ते ओरडले असते तर त्याला सोपं गेलं असतं. ते नुसते बसले.

इथे आत्या गोष्टीत येते. पंच्याहत्तरीची, कमरेत वाकलेली, बोलणं विळ्यासारखं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की वरच्या उताऱ्यावर तुझं नाव आहे आणि तुझ्या सहीशिवाय झालेल्या सगळ्या कागदांना किंमत नाही. ती एसटीने आली, अंगणातल्या माणसांकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं.

"किती घेतलेस यांचे?"

त्याने आकडा सांगितला.

"उरलेत किती?"

तो खाली बघत राहिला.

आत्या वही-पेन्सिलवाली नव्हती, पण तिच्या डोक्यात रकाने पक्के होते. टेकडी मोकळी करायची, पालिकेला द्यायची, टीडीआर घ्यायचा, तो विकून या लोकांचे पैसे फेडायचे, आणि उरेल त्यात तिसरा हिस्सा तिचा, यावेळी साडी नको. पण टीडीआर जागा मोकळी झाल्यावर मिळणार, आणि लोक पैसे मिळाल्याशिवाय कागद सोडणार नाहीत. मधल्या काळात कुणीतरी रक्कम पुढे टाकायला हवी. ज्याच्याकडे रक्कम आहे त्याच्याकडे ती गेली.

थोरल्याने तिला गॅलरीत बसवलं, चहा दिला.

"टेकडी राहिली तर तुझ्या पाच फ्लॅटचे किती जास्त येतील?" तिने विचारलं.

त्याने मनात गुणाकार केला, पण तिला सांगितला नाही.

"त्यातले निम्मे आत्ता घाल. लोकांचे पैसे फिटतील. धाकल्याचा टीडीआर तूच घे, भावापेक्षा कमी दरात. टेकडी कायमची राहील, तुझी खिडकी राहील."

"आत्या, टीडीआर बाजारात मिळतो. मला हवा तेव्हा घेईन. आणि टेकडी तर आता राहिलीच आहे, पालिकेने पाडलंय सगळं. फुकट झालेल्या कामाचे मी पैसे कशाला देऊ?"

हिशेबाला त्याच्या कुठे खोट नव्हती. आरक्षणाने त्याची किंमत सांभाळली होती, आणि आरक्षणाला काही द्यावं लागत नाही. असा विचार करणारा तो काही एकटा नाही. टेकडीसमोर, बागेसमोर, बंगल्यांच्या जुन्या कॉलनीसमोर घर घेणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या न बांधण्यावर पैसे लावतो आणि त्याला आपली दूरदृष्टी म्हणतो. मुंबईत दादरच्या पारशी कॉलनीत इमारतींच्या उंचीवर सुरुवातीपासून बंधन होतं. पण तिथे ते सगळ्यांच्या प्लॉटवर होतं. ज्याने वर मजला चढवला नाही त्याला शेजाऱ्याच्या न चढवलेल्या मजल्याची सावली नसलेली गॅलरी मिळाली. देणं आणि घेणं एकाच गल्लीत. इथे देणारा वर होता, घेणारा खाली.

आत्याने चहा संपवला आणि जाताना गॅलरीच्या कठड्यावरून खाली पाहिलं. खाली चुलत भावांची पट्टी होती. गोठा.

चुलत भाऊ बरीच वर्षं त्या पट्टीचं काय करावं या विवंचनेत होते. ती पिवळ्यात होती, पायथ्याने डीपी रस्ता झाल्यामुळे तोंडही चांगलं मिळालं होतं. पण जागा चिंचोळी. मूळ एफएसआयमध्ये, म्हणजे जागेवर मुळात जेवढं बांधायची मुभा होती तेवढ्यात, चार मजले बसत, आणि चार मजल्यांत कुठल्याही बिल्डरला परवडत नव्हतं. बाजारभावाने टीडीआर घेतला तर अजिबातच नाही. थोरल्याला हे ठाऊक होतं. पाचव्या मजल्यापासून वरचे फ्लॅट त्याने उगाच घेतले नव्हते.

आत्या चुलत भावांच्या पडवीत बसली आणि जे थोरल्याला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. रक्कम आत्ता घाला. टीडीआर तुम्हाला, भावापेक्षा कमी दरात. त्यांच्या बिल्डरने कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. रेडीरेकनरच्या प्रमाणात टेकडीचा टीडीआर खाली चढवताना थोडा आकसतो, ते धरलं. कमी पडेल तेवढा प्रीमियम एफएसआय भरून घ्यायचा, तेही धरलं. चाराचे आठ मजले होत होते. आता परवडत होतं.

व्हॅनवाला, परिचारिका, कंडक्टर सगळ्यांनी पैसे घेऊन कागद परत केले. व्याज कुणालाच मिळालं नाही. कंडक्टरने पावतीवर सही करण्याआधी नोटा दोनदा मोजल्या आणि पत्र्याच्या खोलीचा खर्च कोण देणार म्हणून विचारलं; त्याला उत्तर नव्हतं. मोजणी झाली तेव्हा आत्या छत्री घेऊन भूकरमापकाच्या मागोमाग सगळा उतार चढली. खुंट कुठे ठोकला ते तिने स्वतः पाहिलं. मग फाइल पालिकेत गेली आणि फाइली जशा फिरतात तशी फिरली. शेवटी हक्काचं प्रमाणपत्र आलं. धाकट्याच्या हाती फार काही उरलं नाही, पण देणं राहिलं नाही, आणि नव्या गोठ्यापुरती जागा चुलत भावांनी दुसरीकडे काढून दिली. आत्याने तिसरा हिस्सा बँकेत टाकला आणि पासबुक कुणाला दाखवलं नाही.

टेकडीवर पालिकेने तारेचं कुंपण घातलं, जेसीबीच्या जखमांवर गवत धरलं. 'समोर कायमची हिरवाई' हा फलक खोटा ठरला नाही.

फक्त समोर आधी स्लॅब पडू लागले. पहिला, दुसरा, चौथा. थोरला पाचव्या स्लॅबच्या दिवशी पालिकेत धावला. बांधकाम परवानगी विभागात त्याने नकाशा मागवला, तपासला. सामासिक अंतरं बरोबर, रस्त्याची रुंदी बरोबर, टीडीआरचा कागद बरोबर, आणि कागदावर गट क्रमांक त्याच्या बापाचा. मग तो वकिलाकडे गेला.

"माझा व्ह्यू जातोय."

"हवा-उजेडाचं काय? खिडकीला अंतर सोडलंय?"

"सोडलंय."

"वीस वर्षं झाली इमारतीला?"

"नाही."

"झाली असती तरी हवा-उजेडाचंच बोलता आलं असतं. सुविधाधिकाराच्या कायद्यात देखावा बसत नाही. समोर काय दिसावं याचा हक्क हवा होता तर समोरच्याशी तसा करार करायला हवा होता. पैसे देऊन."

"पण मी त्याचे पैसे घेतलेत लोकांकडून!" थोरला म्हणाला. ज्या तिघांना त्याने फ्लॅट विकले होते ते आता रोज त्याच्या दाराची बेल वाजवत होते.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "कशाचे घेतलेत? करारात लिहिलंय?"

करारात कार्पेट एरिया होता, पार्किंग होतं, फरशीचा दर्जा होता. टेकडी नव्हती.

राहिलेले पाच फ्लॅट त्याने रस्त्याकडच्या भावाला काढले. त्याहूनही थोडं खाली यावं लागलं, कारण समोर बांधकामाची धूळ होती. पैसे आले तसे त्याने एका ओळखीच्या एजंटाला, आपलं नाव न सांगता, समोरच्या नव्या इमारतीत चौकशीला पाठवलं. आठव्या मजल्यावर, टेकडीच्या बाजूने, एक फ्लॅट अजून शिल्लक होता. एजंटाने दर विचारून घेतला आणि येऊन सांगितला.

"एवढा?" थोरला म्हणाला.

"व्ह्यूचे वेगळे आहेत," एजंट म्हणाला. "चौरस फुटाला सातशे."